नातवंडांची झोप आणि उशाखालचा मोबाइल



या सदरात आजवर मी बहुतांशी आपल्याच दुखण्यांविषयी लिहीत आलो आहे. गुडघे, रक्तदाब, साखर, उन्हाळ्यातील लघवीची जळजळ, पहाटे तीनला मोडणारी झोप. आज मात्र आपल्या नातवंडांविषयी लिहितो आहे, आणि त्याला कारण आपणच आहात. गेले वर्षभर आपल्या पत्रांतून आणि दवाखान्यातील बोलण्यातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा माझ्यापर्यंत येतो : ‘नातू मोबाइल सोडत नाही. यावर काही औषध आहे का?’

औषध नाही, एवढे उत्तर एका ओळीत देता आले असते. ते इतके दिवस दिले नाही, कारण या विषयात माझाच एक सल्ला चुकला होता. ती चूक आधी सांगतो. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मार्चचे पहिले दिवस होते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मार्चमध्ये उन्हे तापू लागली की शाळा सकाळच्या होतात, हे आपणांस ठाऊकच आहे. सिंदेवाही तालुक्यातील एक आजी आठवीतल्या नातवाला घेऊन आल्या. तक्रार साधी होती. सकाळी डोके दुखते, भूक लागत नाही, वर्गात डुलक्या घेतो म्हणून गुरुजींनी निरोप पाठवला आहे. मी ताप पाहिला, डोळ्यांच्या पापण्या उलटून रक्त कमी आहे का ते पाहिले, डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली आणि डोकेदुखीच्या चार गोळ्या दिल्या. बाहेर तीस माणसे बसलेली होती. एकूण चार मिनिटे लागली असतील.

दहा दिवसांनी दोघे पुन्हा आले. चष्मा लागला नव्हता, डोकेदुखी मात्र तशीच होती. या वेळी आजींनी स्वतःहून सांगितले, ‘‘रातच्याले चादरीतून उजेड दिसते जी. मले वाटे टॉर्च हाये.’’ मुलगा खाली मान घालून बसला होता. मी मोठ्या आवाजात त्याला दोन शब्द सुनावले आणि आजींना सांगितले, ‘‘मोबाइल काढून घ्या. पंधरा दिवस हाती देऊ नका.’’ रोग सापडला, उपाय झाला, असे समाधानही मला वाटले.

चौथ्या दिवशी आजी एकट्याच आल्या. ‘‘म्या मोबाइल धानाच्या कोठीत लपवला, तर पोट्टा दोन दिस जेवलाच नाही. काल शाळेतून घरीच आला नाही. अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या रस्त्यावर सापडला.’’ ज्या गावांत संध्याकाळनंतर वाघाच्या भीतीने मोठी माणसेही एकटी बाहेर पडत नाहीत, त्या भागातली ही गोष्ट आहे. तेरा वर्षांचा मुलगा अंधारात रस्त्यावर उभा होता, आणि माझ्या चिठ्ठीने उभा होता.

मी दुसऱ्या दिवशी, दवाखाना सुरू होण्याआधी, मुलाला बोलावले आणि आजींना बाहेर बसवले. हे खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवे होते. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, ‘‘आई साडेनऊनंतर फोन करते.’’

त्याचे आईवडील जानेवारीत तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. धानाचे काम आटोपले की आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून कितीतरी कुटुंबे अशी जातात. मुले मागे राहतात, म्हाताऱ्या माणसांपाशी. जाताना आईने जुना स्मार्टफोन मुलाला दिला होता, तोंड दिसावे म्हणून. तिकडे मुक्कामाच्या ठिकाणी वीज नाही. वडिलांचा फोन मालकाच्या घरी चार्जिंगला लागतो आणि रात्री उशिरा हाती येतो. मग आई दिसते, आठ-दहा मिनिटे. ती गेली की या मुलाला झोप येत नाही. आजी शेजारी घोरत असतात, घर शांत असते, आणि हातात असलेला फोन पुढचा खेळ, पुढचा व्हिडिओ आपणहून दाखवत जातो. रात्रीचा एक वाजतो. सकाळी साडेपाचला शाळेसाठी उठायचे असते.

मी त्याचा मोबाइल काढायला सांगितला होता. त्याच्या लेखी मी त्याची आई काढून घेतली होती. त्या दोन दिवसांत आईचे फोन येऊन गेले असतील, कोठीतल्या धानात वाजून थांबले असतील, याच विचाराने तो जेवला नव्हता.

वाचकहो, ही कथा मोबाइलची बाजू घेण्यासाठी सांगितलेली नाही. त्या मुलाची डोकेदुखी खरी होती आणि तिचे कारणही खरोखर मोबाइलच होते. परंतु ते कारण नेमके कोणत्या वाटेने काम करीत होते, हे न पाहता मी घाव घातला. म्हणून आता त्या वाटेविषयी थोडे सविस्तर लिहितो.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रात्री ८ ते १० तास झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. आपल्या वयात सहा-सात तासांत भागते, म्हणून ‘पोरगा आळशी झाला, सूर्य डोक्यावर आला तरी उठत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. वाढीला लागणाऱ्या संप्रेरकाचा मोठा भाग गाढ झोपेत स्रवतो. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के बसण्याचे कामही झोपेतच होते. त्यात आणखी एक अडचण निसर्गानेच घातलेली आहे. वयात येताना शरीरातले घड्याळ तास-दोन तास उशिरा चालू लागते. नऊला पेंगणारा मुलगा चौदाव्या वर्षी अकरापर्यंत ताजातवाना दिसतो, यात त्याचा उद्धटपणा काही नसतो. शाळा मात्र पूर्वीच्याच वेळेला भरते. लहान मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार करून महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला होता. मोठ्या मुलांसाठी तशी सोय नाही.

या आधीच तोकड्या पडणाऱ्या झोपेत मोबाइल शिरतो. अंधार पडल्यावर मेंदू मेलाटोनिन नावाचे द्रव्य सोडून शरीराला रात्र झाल्याची वर्दी देतो. डोळ्यांसमोर धरलेला प्रखर उजेड ही वर्दी लांबवतो. माझ्या मते उजेडापेक्षाही मोठा दोष त्या उजेडात दिसणाऱ्या गोष्टीचा आहे. तिला शेवट नाही. आपल्या लहानपणी आकाशवाणीची सभा संपत असे, पुस्तकाचे शेवटचे पान येत असे, कंदिलातले तेल सरत असे. काहीतरी संपले म्हणून आपण झोपत होतो. यूट्यूब, इन्स्टाग्राम किंवा खेळांचे ॲप संपत नाही, कारण ते संपू नये अशीच त्याची रचना केलेली असते. मोठमोठ्या कंपन्यांतील हुशार माणसे दिवसभर त्याच कामावर बसलेली असतात, आणि त्यांच्यासमोर आपण तेरा वर्षांच्या मुलाची इच्छाशक्ती उभी करतो.

यावर काही ज्येष्ठ मंडळी मला हसून विचारतात, ‘‘डॉक्टर, आम्ही झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्रभर पाहिली. आमचे काय बिघडले?’’ प्रश्न रास्त आहे. मी स्वतःही मंडईच्या नाटकांना पहाटेपर्यंत बसलेलो आहे, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण मंडई वर्षातून एकदाच गावात येई. दुसऱ्या दिवशी सारे गाव दुपारपर्यंत झोपे आणि गुरुजीही जांभया देत. शिवाय त्या रात्री आपल्या एका बाजूला काका आणि दुसऱ्या बाजूला शेजारची मावशी बसलेली असे. चादरीखालची मंडई रोज भरते आणि तिथे मूल एकटे असते.

झोप तुटली की तिच्यामागोमाग बाकीच्या तक्रारी येतात : डोकेदुखी, चिडचिड, विसराळूपणा, सकाळी जेवण नकोसे होणे आणि रात्री उशिरा कुरकुऱ्यांवर हात मारणे, अभ्यासात मन न लागणे. पालक म्हणतात, ‘मोबाइलमुळे डोके बिघडले.’ पुष्कळदा मोबाइलने झोप बिघडवलेली असते आणि झोपेने डोके. हा फरक मी मुद्दाम करतो, कारण त्यामुळे उपाय हाती येतो. अख्ख्या मोबाइलशी भांडत बसण्याऐवजी रात्री नऊ ते सकाळी सहा एवढ्या वेळापुरतेच आपण भांडायचे.

डोळ्यांबद्दल आपण फार विचारता. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. हे विश्रांतीने बरे होते. लांबचे कमी दिसण्याचा दोष, म्हणजे चष्म्याचा उणे नंबर, ही अधिक गंभीर बाब आहे. त्याच्या बाबतीत जवळून पाहण्याइतकेच महत्त्व बाहेरच्या उजेडाला आहे. जी मुले रोज दीड-दोन तास मोकळ्या उजेडात वावरतात, त्यांच्यात हा दोष कमी आढळतो. भर उन्हात उभे करण्याची गरज नाही, झाडाच्या सावलीतला दिवसाचा उजेडही घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो.

इथे आपल्या भागाची खरी गोम आहे. शहरातील डॉक्टर सहज लिहून जातात, ‘मुलांना मैदानावर पाठवा.’ मे महिन्यात आपल्या चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत मूल घरातच राहणार. संध्याकाळी खेळायला सोडावे, तर मूल, सावली, नागभीड, ब्रह्मपुरीकडच्या जंगलालगतच्या गावांत वाघ-बिबट्याची धास्ती. आईवडील मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच मोहफुले वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. घरी आजी-आजोबा. गुडघे दुखतात, मुलामागे धावणे होत नाही. अशा वेळी मूल सपरीत बसून, डोळ्यांपुढे, मोबाइल पाहत शांत राहिले तर आजीला हायसे वाटते. तिने मोबाइल दिला तो लाडाने नव्हे, मूल जिवंत आणि घरात राहावे म्हणून दिला. जो डॉक्टर हे समजून न घेता त्या आजीला दोष देईल, त्याचा सल्ला ती ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

आणि हा मोबाइल मुलांच्या हाती आला कसा, याचीही आठवण ठेवावी. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि आपणच, शासनाने, शिक्षकांनी, डॉक्टरांनी, मुलांना म्हटले की आता अभ्यास यावरच. ज्या घरात फोन नव्हता त्या घराने धान विकून घेतला. ज्या गावात नेटवर्क नव्हते तिथली मुले उंचवट्यावर जाऊन बसली. शाळा उघडल्या, फोन मात्र परत गेला नाही. आजही वर्गाचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीने २०२४ साली देशातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांना याविषयी विचारले. ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे अभ्यासही होतो आहे. ‘अभ्यास करतोय’ हे नातवाचे उत्तर दर वेळी खोटे नसते, एवढे तरी आपण मान्य करू.

मन उदास होणे आणि मोबाइल यांचा संबंध दुहेरी आहे. रात्रंदिवस दुसऱ्यांची सजवलेली छायाचित्रे पाहून मुलगी स्वतःला कमी लेखू लागते, हे मी माझ्या दवाखान्यात पाहतो. पण आधीच खचलेले मूल मोबाइलमध्ये तोंड लपवते, हेही तितकेच पाहतो. शाळेत कोणी छळते आहे, घरात दारूवरून भांडण होते, आई दूर आहे. त्या वेळी मोबाइल हा रोग नसून कण्हणे असते. म्हणून ‘व्यसन’ हा शब्द मी जपून वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२पासून लागू झाले, ‘गेमिंग डिसॉर्डर’ हा विकार मानला आहे. परंतु त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सारे त्यापुढे गौण होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, हे सर्व साधारणपणे वर्षभर टिकलेले असावे लागते. आपल्या घरातील बहुतेक नातवंडे या व्याख्येत बसत नाहीत. ती थकलेली असतात.

मग बंदी घालावी काय? दोन गावांची उदाहरणे मला बोलकी वाटतात, आणि दोन्ही महाराष्ट्रातील, दोन्ही २०२२ची. पहिले आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातले, पुसद तालुक्यातील बांशी. त्या गावाने त्या वर्षी नोव्हेंबरात ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली. दुसरे सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव. तिथे ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास, साडेआठपर्यंत, घराघरातले दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी आपसांत बोलायचे. सुरुवातीला लोक हसले. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई घरोघरी जाऊन सांगत राहिल्या.

बांशीच्या गावकऱ्यांची कळकळ मी कमी लेखत नाही. तरी मला वडगावचा मार्ग अधिक पटतो, आणि त्याचे कारण वैद्यकीय नाही. तिथे भोंगा वाजला की आजोबांचाही मोबाइल बंद होतो. बंदीचा अनुभव आपल्या दोन जिल्ह्यांना नवा नाही. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ला आली आणि २०२१मध्ये उठली. त्या वादात इथे शिरत नाही, पण रुग्ण तपासताना मी एक पाहिले : ज्या गावात बायका आणि म्हातारी माणसे स्वतः जागी राहिली तिथे दारू खरोखर कमी झाली, आणि जिथे नियम फक्त कागदावर होता तिथे ती मागच्या दाराने आली. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गाव सर्वांच्या सहमतीशिवाय ग्रामसभेत निर्णय घेत नाही, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. वेळ लागतो, पण घेतलेला निर्णय पाळला जातो. घरातल्या मोबाइलचाही निर्णय तसाच व्हावा, मुलाला सोबत बसवून, आणि मोठ्यांनी स्वतःला वगळून नव्हे. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास डिसेंबर २०२५पासून मनाई केली आहे. असे कायदे होतील, व्हावेतही. पण रात्री दहा वाजता आपल्या सपरीत येऊन कोणी कायदा उभा राहत नाही.

आता थोडे आपल्याविषयी, रागावू नये. दवाखान्यात रांगेत बसलेली मुले मोबाइल पाहत असतात, तशीच त्यांची आजोबा मंडळीही पाहत असतात. कीर्तन असेल, शेतीचा व्हिडिओ असेल, रात्री दोनला आलेले सुप्रभातचे फूल असेल. मुलाला विषय दिसत नाही, खाली झुकलेली मान दिसते. माझीही मान झुकलेली असते. एकदा एका आजोबांची नाडी पाहताना माझा फोन थरथरला आणि मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले. ते म्हणाले, ‘‘पहा ना जी, माझी नाडी काही पळून जात नाही.’’ तेव्हापासून तपासणीच्या वेळी फोन मी खणात ठेवतो. बहुतेक वेळा ठेवतो.

तान्ह्या आणि लहानग्यांच्या बाबतीत मात्र मी सवलत देत नाही. दोन वर्षांखालील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये. दोन ते पाच या वयात जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्या माणसाने शेजारी बसून, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. मोबाइल दाखवून घास भरवणे तर सोडाच. मूल गिळते, पण पोट भरल्याचे त्याला कळत नाही. आणि बोलणे ते माणसाच्या तोंडाकडे पाहून शिकते. आजीचे तोंड त्या कामाला पुरेसे आहे, दात नसले तरी.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. आपला फोन हा पुष्कळ घरांत नातवाचाही फोन असतो, आणि त्याच फोनला आपले बँकेचे खाते जोडलेले असते. पैसे पाठवण्याचा गुप्त क्रमांक नातवाला सांगू नये, ‘आजोबा, मी भरून देतो’ असे तो कितीही प्रेमाने म्हणाला तरी. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये कायद्याने बंदी आणली आहे, तरी आडमार्ग उरतातच. निवृत्तिवेतन चार-चारशे रुपयांनी कमी होत गेल्याचे चार महिन्यांनी लक्षात आलेले एक गृहस्थ माझ्याकडे रक्तदाब वाढला म्हणून आले होते.

डॉक्टरांकडे कधी न्यावे? मूल शाळेत जाईनासे झाले, दिवसा झोपून रात्रभर जागू लागले, मित्र तुटले, फोन मागताच अंगावर धावून आले, घरातून पैसे जाऊ लागले, तर थांबू नका. ‘जगून काय करायचे’ अशा अर्थाचे काही बोलले, तर त्याच दिवशी. ते धमकी देत आहे असे समजून हसण्यावारी नेऊ नका. शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतूनही बोलता येते. मुलाची घरात किंवा बाहेर छळणूक होत असल्यास १०९८.

पुन्हा त्या आजींकडे येतो. मुलाशी बोलल्यावर मी त्याच्यादेखत कोठीतला फोन काढून त्याला द्यायला सांगितले आणि आईला लावायला लावला. दिवसाची वेळ होती, तिसऱ्या प्रयत्नात ती शेतावरून बोलली. आम्ही चौघांनी मिळून ठरवले ते एवढेच : आईचा फोन रात्री शक्य तितक्या लवकर यावा, उशिरात उशिरा साडेनऊला. तो फोन आजी आणि नातवाने शेजारी बसून घ्यावा, कारण आजींनाही लेकीशी बोलायचे असते आणि आजवर त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आई दिसेनाशी झाली की फोन आजींच्या उशाशी, मुलाच्या नव्हे. आई गेल्यावरच्या रिकाम्या वेळात काय करायचे, हा प्रश्न अवघड होता. मुलगाच म्हणाला, ‘‘आजी पहिले वाघाच्या गोष्टी सांगे.’’ आजी म्हणाल्या, ‘‘आता तू मोठा झाला ना.’’ त्यावर तो काही बोलला नाही.

पहिला आठवडा कठीण गेला. दोनदा त्याने फोन उशाखालून काढलाच. तिसऱ्या आठवड्यात डोकेदुखी थांबली. मी गोळी बदललेली नव्हती. परीक्षेत फार मोठा पराक्रम झाला नाही, गणितात जेमतेम निभावले. एप्रिलच्या अखेरीस आईवडील परत आले.

आजी मागच्या पंधरवड्यात पुन्हा आल्या, या वेळी स्वतःसाठी. नातू आता फोन न मागता त्यांच्याकडे देतो, पण त्यांची झोप उडाली होती. ‘‘रातभर उशाशी टुंगटुंग करते जी. मले वाटे कोणाचा फोन आला, कोणाले काय झाले.’’ मी त्यांच्या हातातला फोन घेतला, आवाज बंद करायची कळ दाखवली, आणि त्यांच्याकडून दोनदा बंद-चालू करून घेतली. आईचा फोन तेवढा वाजेल अशी सोय नातू करून देईल, असे सांगितले. बाहेर बसलेल्या नातवाला त्यांनी हाक मारली.